पुस्तकापर्यंतची वाट दाखवा : विद्यापीठ ग्रंथालयांना एक खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील आणि गोव्यातील विद्यापीठांच्या ज्ञानस्रोत केंद्रांचे संचालक, ग्रंथपाल
आणि ग्रंथालय समित्यांचे सर्व सदस्य

सप्रेम नमस्कार.

‘ग्रंथालयाची आभासी फेरी’, म्हणजे चहूबाजूंच्या छायाचित्रांतून घरबसल्या ग्रंथालय फिरून बघण्याची सोय, हा विषय समितीपुढे येतो तेव्हा तो साधारण एकाच रूपात येतो. एक वातानुकूलित खोली, तीत दहा-वीस महागडे हेडसेट, ड्रोनवरून टिपलेली इमारत, पार्श्वसंगीत आणि सगळ्याचे मिळून एक कोटेशन. रक्कम पाहून विषय पुढच्या बैठकीवर ढकलला जातो आणि तिथेच राहतो. आमची विनंती आहे की तो पुन्हा बाहेर काढावा, पण वेगळ्या रूपात. विद्यार्थ्याच्या खिशातला फोन, तो आत बसवून डोळ्यांना लावायचा दीडदोनशे रुपयांचा पुठ्ठ्याचा व्हीआर चष्मा, एका दिवसापुरता मिळवलेला ३६० अंशांचा कॅमेरा आणि मोफत सॉफ्टवेअर एवढ्यावर हे काम होते. ते ग्रंथालयातल्याच माणसांनी करावे, कारण वाचक नेमका कुठे अडखळतो हे देवघेवीच्या टेबलामागे बसणाऱ्यालाच ठाऊक असते.

मुंबई विद्यापीठाचे कार्यक्षेत्र कुलाब्यापासून थेट सिंधुदुर्गापर्यंत आहे. सावंतवाडीच्या महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याला कालिन्याच्या जवाहरलाल नेहरू ग्रंथालयात यायचे तर रात्रभराचा प्रवास आहे. गोंडवाना विद्यापीठ २०११ साली झाले. त्याआधी गडचिरोलीच्या विद्यार्थ्याचे विद्यापीठ ग्रंथालय नागपुरात होते. एवढ्या लांबून आलेला विद्यार्थी पहिला अर्धा दिवस बॅग कुठे ठेवायची, ओळखपत्र कुठे दाखवायचे, तालिकेचा (पुस्तकांच्या यादीचा) संगणक कोणता आणि संदर्भ विभाग कोणत्या मजल्यावर हे शोधण्यात घालवतो. अनेकजण विचारायला बुजतात. हवे ते पुस्तक चार रॅक पलीकडे असते आणि विद्यार्थी हात हलवत परत जातो. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांमधले चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचवा असे सांगते. आभासी फेरीची सगळी उपयुक्तता त्या एका सूत्रात आहे.

म्हणून फेरीचा आराखडा इमारतीवरून आखू नका, पुस्तकावरून आखा. एक पुस्तक निवडा, समजा मराठी कादंबरी. तालिकेत ते शोधले, बोधांक (रॅकवरची जागा सांगणारा क्रमांक) मिळाला, कागदावर टिपला. पुढे कोणता जिना, कोणते दालन, कितवा रॅक, कोणता खण? या वाटेवर जिथे जिथे माणूस थांबून इकडेतिकडे बघतो, तिथे एक दृश्यबिंदू, म्हणजे जिथून चहूबाजूंचे चित्र टिपायचे ती जागा. मोकळ्या दालनात दर तीन-चार मीटरवर एक, आणि प्रत्येक वळणावर व जिन्याच्या तोंडाशी एक. मध्यम आकाराच्या ग्रंथालयाला २० ते २५ बिंदू पुरतात. साठ-सत्तर बिंदू घेतले की बघणारा कंटाळतो आणि पुढच्या वर्षी ते अद्ययावत ठेवणेही होत नाही.

या वाटेवर सगळ्यात जास्त वेळ कुठे जातो ते एका उदाहरणाने सांगतो. पुस्तकांना विषयानुसार क्रमांक देण्याच्या ड्यूई वर्गीकरणात हिंदी साहित्य ८९१.४३, उर्दू ८९१.४३९, मराठी ८९१.४६ आणि गुजराती ८९१.४७ वर येते. विद्यार्थी ‘४३९’ हा आकडा ‘४६’पेक्षा मोठा समजतो आणि उर्दूची पुस्तके मराठीच्या पुढे शोधत राहतो. दशांशचिन्हानंतरचा एकेक अंक सुटा वाचायचा असतो: आधी चार-चार, मग तीन आणि सहा, आणि तीन आधी. हे कळायला अर्धा मिनिट लागतो, पण ते कुणीतरी रॅकसमोर उभे राहून दाखवावे लागते. मराठी साहित्याच्या रॅकपाशी जो बिंदू असेल तिथे हा अर्धा मिनिट खर्च करा: तीन पुस्तकांच्या पाठींचे जवळून घेतलेले छायाचित्र आणि सोबत वीस सेकंदांचा आवाज. इमारतीच्या दर्शनी कमानीपेक्षा हे एक दृश्य जास्त कामाला येईल.

आता साधनांकडे. गूगलने पुठ्ठ्याच्या चष्म्याचा आराखडा २०१४ मध्ये खुला केला आणि स्वतःच्या दुकानातली विक्री २०२१ मध्ये थांबवली, पण आराखडा सगळ्यांचा असल्यामुळे तसे चष्मे आजही मिळतात आणि घरीही करता येतात. पहिल्या आवृत्तीसाठी दीड मिलिमीटर जाडीचा, किमान २२ बाय ५६ सेंटिमीटरचा पन्हळी पुठ्ठा, २५ मिलिमीटर व्यासाची व ४५ मिलिमीटर नाभीय अंतराची दोन बहिर्वक्र भिंगे, वेल्क्रोची पट्टी आणि फोन घसरू नये म्हणून एक रबरबँड लागते. जाड पुठ्ठा घेतला तर घड्या नीट बसत नाहीत, भिंगे किंचित तिरकी होतात आणि दोन डोळ्यांची चित्रे जुळत नाहीत. दुसऱ्या आवृत्तीत भिंगे ३७ मिलिमीटरची आहेत आणि सहा इंचांपर्यंतचा फोन बसतो. आजचे फोन त्याहून मोठे असतात, तेव्हा तयार चष्मा घेताना ग्रंथालयातल्याच चार-पाच फोनांवर बसवून बघून घ्या. डोक्याला बांधायचा पट्टा मुद्दाम नको. हाताने धरलेला चष्मा वळवताना माणूस खांद्यासकट सावकाश वळतो; पट्टा बांधला की मान झटक्यात फिरते, चित्र मागे पडते आणि मळमळते.

छायाचित्रे कशी घ्यायची, इथे जरा थांबून बोलायला हवे, कारण बहुतेक फेऱ्या इथेच बिघडतात.

फोन हातात धरून गोल फिरत छायाचित्रे घेतली तर भिंग स्वतःच्या जागी राहत नाही, वीसेक सेंटिमीटरच्या वर्तुळात फिरते. मैदानात ते खपून जाते. ग्रंथदालनात रॅक हाताच्या अंतरावर असतात, त्यामुळे जोडताना पुस्तकांच्या पाठी तुटतात, एकच पुस्तक दोनदा दिसते, रॅकची उभी पट्टी मध्येच वाकते. फोननेच काम करायचे असेल तर तो तिवईवर असा बसवा की फिरण्याचा अक्ष भिंगाच्या मधोमध जाईल. फोन उभा धरून दर ३० अंशांना एक अशी १२ छायाचित्रे समोर, १२ वर ४५ अंशांत, १२ खाली ४५ अंशांत आणि छताची दोन, अशी ३८ छायाचित्रे एका बिंदूला लागतात. ती हगिन या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये जोडता येतात. दहा बिंदूंपर्यंत हे जमते. पंचवीस बिंदू म्हणजे साडेनऊशे छायाचित्रे. तेवढ्यासाठी पत्रकारिता किंवा वास्तुशास्त्र विभागाकडे ३६० अंशांचा कॅमेरा असेल तर तो मागा, नसेल तर दिवसाच्या भाड्याने आणा.

या कॅमेऱ्याला पुढे एक आणि मागे एक अशी दोन भिंगे असतात. दोन्ही चित्रांचा सांधा कॅमेऱ्याच्या दोन्ही कडांच्या दिशेला पडतो आणि त्या रेषेवर मीटरभराच्या आतली वस्तू असली की ती तुटते किंवा जाड दिसते. दोन रॅकमधल्या बोळात उभे राहताना कॅमेऱ्याचे तोंड बोळाच्या दिशेला ठेवण्याची सवय असते. मग सांधा नेमका दोन्ही बाजूंच्या पुस्तकांवर येतो. तोंड आडवे करा. एक भिंग डाव्या रॅककडे, दुसरे उजव्या रॅककडे. आता सांधा बोळाच्या लांब टोकांकडे, छताकडे आणि जमिनीकडे गेला, जिथे जवळ काहीच नाही. या एका बदलाने दालनातली निम्मी छायाचित्रे सुधारतात.

कॅमेरा जमिनीपासून दीड मीटरवर, म्हणजे उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीवर हवा. तिवईचे पसरट पाय चित्रात मोठे दिसतात, म्हणून एकदांडी स्टँड आणि खाली जड, छोटी बैठक. खाली दिसणारा स्टँडचा डाग झाकायला विद्यापीठाचे बोधचिन्ह लावण्याची पद्धत आहे. त्याऐवजी तिथे ‘दुसरा मजला, नियतकालिके’ असा गोल फलक लावा. वाट चुकलेला माणूस साहजिकच खाली बघतो आणि त्याला उत्तर मिळते.

पंखे बंद करा. फिरती पाती पुसट चट्ट्यासारखी येतात आणि वाऱ्याने नियतकालिकांची पाने हलतात. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतात. शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवले तर चित्रात आडवे पट्टे येत नाहीत. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) ४०० च्या वर शक्यतो नेऊ नका. पांढऱ्या रंगाचा समतोल एकदा ठरवून सगळ्या बिंदूंना तोच ठेवा, नाहीतर एका दालनातून दुसऱ्यात जाताना भिंती पिवळ्यांच्या निळ्या होतात. खिडकी आणि आतला अंधार एकाच चित्रात असतील तर एकाच जागी कमी, मध्यम आणि जास्त प्रकाशाची तीन छायाचित्रे घेऊन एकत्र करावी लागतात. राजाबाई टॉवरखालच्या वाचनकक्षासारख्या ठिकाणी, जिथे रंगीत काचांतून उजेड येतो, हे अटळच आहे. १८७८ साली पूर्ण झालेल्या त्या वास्तूत जादा दिवे लावण्यापेक्षा सकाळचा उजेड धरलेला बरा. या तीन छायाचित्रांना काही सेकंद जातात, तेवढ्यात कुणी हलले तर त्याचे भूत उमटते. कॅमेरा फोनवरून चालवा आणि स्वतः रॅकच्या टोकामागे उभे राहा.

रॅकवरची पुस्तके वाचता येतील का, हा प्रश्न प्रत्येक समितीत निघतो. हिशेब सरळ आहे. ४०९६ बाय २०४८ पिक्सेलचे (म्हणजे रंगीत ठिपक्यांचे) चित्र ३६० अंशांत पसरले की एका अंशाला सुमारे ११ पिक्सेल येतात. पुस्तकाच्या पाठीवरचे ५ मिलिमीटर उंचीचे अक्षर एक मीटरवरून ०.२९ अंशाचे दिसते, म्हणजे त्याच्या वाट्याला तीन-सव्वातीन पिक्सेल. त्यात वेलांटी आणि उकार मावणार नाहीत. कॅमेरा महाग घेऊनही फार फरक पडत नाही, कारण चष्म्यातला साधा फोनच एका अंशाला बारा-तेरा पिक्सेल दाखवतो. उलट रॅकच्या टोकावर ५ सेंटिमीटर उंचीच्या अक्षरांची पाटी असेल तर दोन मीटरवरून ती १.४ अंशांची होते, १६ पिक्सेल मिळतात आणि ती वाचता येते. तेव्हा छायाचित्रणाच्या आधी रॅकच्या पाट्या नव्याने, मोठ्या अक्षरांत लिहून घ्या. हा खर्च चष्मा न वापरणाऱ्या प्रत्येक वाचकालाही कामाला येतो, म्हणून आम्ही तो सगळ्यात आधी धरतो.

पाठी वाचायच्याच असतील तर त्यांचे वेगळे, समोरून घेतलेले छायाचित्र बिंदूला जोडा. तीन फुटी खणाचे चार हजार पिक्सेल रुंदीचे छायाचित्र घेतले की एका मिलिमीटरला चारहून जास्त पिक्सेल मिळतात आणि तेच ५ मिलिमीटरचे अक्षर वीस-बावीस पिक्सेलचे होते. मात्र हे सगळीकडे करू नका. मुक्तद्वार दालनातली, म्हणजे वाचक स्वतः काढून घेतो ती पुस्तके रोज हलतात. छायाचित्र महिन्याभरात खोटे पडते आणि विद्यार्थ्याला भलतीच आशा लावते. संदर्भग्रंथ, नियतकालिकांचे बांधीव खंड, जतन केलेले खास संग्रह, म्हणजे जे जागचे हलत नाही आणि जिथे वाचकाला सहसा आत सोडत नाहीत, तिथे ते करावे. गोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयातल्या, इतिहासकार पिसुर्लेकरांच्या नावाच्या संग्रहासारखा संग्रह बघायला परगावचा अभ्यासक येतो तेव्हा खणांवर नजर फिरवून आधीच यादी करून येणे त्याला किती सोयीचे होईल, हे आपल्याला सांगायला नको.

चित्रे तयार झाली की ती वेबपानावर आणायची. नुसत्या पडद्यावर बघण्यासाठी पॅनेलम हे सॉफ्टवेअर, आणि चष्म्यातून बघण्यासाठी ए-फ्रेम. दोन्ही मुक्त आहेत आणि संगणकशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना आठवड्याभरात उमगतात. चित्राची रुंदी ४०९६ पिक्सेलच्या वर नेऊ नका, कारण जुन्या फोनांची चित्रयंत्रणा त्याहून मोठे चित्र घेत नाही आणि बघणाऱ्याला काळा पडदा दिसतो. या आकाराचे जेपीईजी दीड-दोन एमबीचे होते. आधी १०२४ बाय ५१२ चे हलके चित्र दाखवा, मोठे मागून येऊ द्या, आणि विद्यार्थी जिथे उभा आहे तिथून जाता येईल तेवढ्याच बिंदूंची चित्रे पुढे मागवा. सगळी एकदम मागवली तर तालुक्याच्या गावात पान उघडायच्या आतच विद्यार्थी ते बंद करील. पान एचटीटीपीएसवरच (सुरक्षित जोडणीवरच) हवे. नसेल तर ब्राउझर फोनच्या हालचालीची माहिती देत नाही आणि मान वळवली तरी चित्र हलत नाही. ‘सर्व्हरवर सगळे चालते, फोनवर चालत नाही’ ही तक्रार आली की पहिल्यांदा हेच तपासा.

एका बिंदूवरून दुसऱ्यावर जाताना बघणाऱ्याचे तोंड ज्या दिशेला होते त्याच दिशेला राहिले पाहिजे. हे न सांभाळणे ही सगळ्यात मोठी चूक आहे. समोरच्या जिन्याकडे बघत पुढे गेलो आणि एकदम भिंत समोर आली, की वाट डोक्यात बसत नाही. मग प्रत्यक्ष आल्यावर फेरीचा काही उपयोग होत नाही. बोळांमध्ये आपण कॅमेरा मुद्दाम आडवा धरला होता, तेव्हा प्रत्येक चित्र किती अंशांनी फिरवायचे ते टिपून ठेवा आणि सगळ्यांची उत्तर दिशा एक करा. पॅनेलममध्ये त्यासाठी वेगळी नोंद आहे. ए-फ्रेममध्ये चित्राचा गोल तेवढा फिरवायचा.

पुढे जाण्याच्या खुणा डोळ्यांच्या पातळीवर ठेवू नका. चष्म्यात बटण नसेल तर खुणेवर दीड सेकंद नजर रोखली की उडी बसते, आणि समोर सहज बघतानाही मग नकळत उड्या बसतात. खुणा दहा-पंधरा अंश खाली, जमिनीवर पाऊल टाकल्यासारख्या ठेवा. चालत्या कॅमेऱ्याचा व्हिडिओ तर चष्म्यात नकोच. शरीर बसलेले आणि डोळे चालताहेत, यानेच घेरी येते. दृश्य क्षणभर काळे करून पुढचे उजळावे, तेवढे पुरे.

मराठीचा एक खास प्रश्न आहे. ए-फ्रेमची स्वतःची अक्षरयंत्रणा रोमन लिपीसाठी केलेली आहे. तीत देवनागरी घातली की ‘संदर्भ’मधला रफार उडतो, ‘ग्रंथ’ फुटतो, वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते. फलक इंकस्केप या चित्रे काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये युनिकोड टंकात लिहून पारदर्शक पीएनजी चित्र म्हणून लावा. जुन्या, युनिकोड नसलेल्या टंकांतला मजकूर तसाच चिकटवू नका. चित्रात तो दिसेल, पण सोबतच्या मजकुरात शोधता येणार नाही. आवाज ग्रंथालयातल्याच कुणाचा तरी असावा, साध्या बोलीत. पंचवीस सेकंदांचे निवेदन ६४ केबीपीएसने साठवले तर २०० केबीचे होते.

फोनांविषयीही आधीच माहीत असलेले बरे. कमी किमतीच्या अनेक फोनांत जायरोस्कोप (फोन किती वळला ते मोजणारा भाग) नसतो. अशा फोनवर चित्र थरथरते किंवा आडवे वळतच नाही. बिघाड फेरीत नाही, फोनमध्ये आहे. तरी त्या विद्यार्थ्याला बाहेर ठेवू नका, बोटाने चित्र सरकवण्याची सोय प्रत्येक पानावर द्या. आयफोनवरचा सफारी ब्राउझर वेबएक्सआर (वेबपानातून व्हीआर दाखवण्याची सोय) देत नाही आणि हालचालीची परवानगीही बोटाने दिल्याशिवाय मिळत नाही, म्हणून तिथे ‘सुरू करा’ असे स्पष्ट बटण लागते. चित्र दुहेरी दिसत असेल तर फोनचे जाड कव्हर काढा, पडद्याची मधली रेषा चष्म्याच्या मधल्या पट्टीशी जुळवा आणि चष्म्यावरचा क्यूआर कोड वाचून भिंगांचे माप फोनला कळवा. फोन बसवताना कडेचे बटण दाबले जाऊन पडदा बंद होतो, हेही नेहमीचेच. एका वेळी पाच-सात मिनिटे, फिरत्या खुर्चीवर बसून, एवढेच बघू द्या. एप्रिल-मेमध्ये विदर्भात फोन त्याहून जास्त वेळ तसाही टिकत नाही, तापून मंदावतो.

चष्मे सामायिक असतील तर कपाळाला लागणाऱ्या कडेवर बदलता येणारी कागदी पट्टी लावा, कारण पुठ्ठा घाम शोषतो. भिंगे मऊ कापडाने पुसा. डोळे येण्याची साथ असेल त्या महिन्यात चष्मे कपाटात ठेवलेलेच बरे. फेरी फोनवर चालूच राहते.

व्हीलचेअरवरच्या विद्यार्थ्यासाठी तीच वाट पुन्हा, १ मीटर २० सेंटिमीटर उंचीवरून घ्या. त्या उंचीवरून लगेच दिसते की वरचे दोन खण हाताबाहेर आहेत, तालिकेच्या संगणकाचे टेबल उंच आहे, रॅकमधल्या बोळात एक स्टूल कायम आडवे असते. उताराची जागा, लिफ्टचे दार, वापरता येणारे प्रसाधनगृह हे बिंदू या वाटेत हवेतच, आणि दाराची रुंदी सेंटिमीटरमध्ये लिहा. ‘सुलभ प्रवेश’ एवढे लिहून त्याला काहीच कळत नाही. दृष्टिहीन विद्यार्थ्याला चष्म्याचा उपयोग नाही. त्याच वाटेचे पावलांच्या आणि वळणांच्या भाषेतले लिखित वर्णन त्याच पानावर द्या, म्हणजे त्याचा फोन ते वाचून दाखवील. ते वर्णन आमच्या मते फेरीइतकेच महत्त्वाचे आहे, आणि त्याला खर्च काहीच नाही.

काय दाखवायचे नाही तेही आधी ठरवा. वाचकांचे चेहरे, देवघेवीच्या संगणकावरची नावे, उघडी हजेरीवही, सीसीटीव्हीचा पडदा, दुर्मिळ ग्रंथांच्या कपाटांची कुलपे आणि त्यांच्या किल्ल्या टांगण्याची जागा. छायाचित्रे ग्रंथालय बंद असताना घेतली तर यातले निम्मे आपोआप टळते. उरलेले जोडून झाल्यावर पुसट करता येते. उघड्या पुस्तकाचे पान वाचता येईल असे दाखवायचे असेल तर स्वामित्वहक्क तपासा. आपल्या कायद्याप्रमाणे तो लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे असतो.

आणि मूळ फायली स्वतःजवळ ठेवा. गूगलचे एक्सपिडिशन्स आणि टूर क्रिएटर हे आभासी फेऱ्यांचे मंच २०२१ मध्ये बंद झाले, स्ट्रीट व्ह्यूचे ॲप २०२३ मध्ये बंद झाले. मंच असा बंद झाला की फक्त तिथेच ठेवलेली चित्रे हातची जाऊ शकतात. कंपनीच्या मंचावर फेरी ठेवायला हरकत नाही, पण जोडलेली पूर्ण आकाराची चित्रे, बिंदूंचा नकाशा, दिशांची नोंद आणि निवेदनांच्या ध्वनिफिती विद्यापीठाच्या सर्व्हरवर आणि एका वेगळ्या डिस्कवर असल्याच पाहिजेत. फायलींची नावे अशी द्या की पाच वर्षांनी येणाऱ्या माणसालाही कळतील: मजला, दालन, बिंदू क्रमांक, दिनांक. बाहेरच्या संस्थेला काम दिलेच, तर याच गोष्टी ताब्यात मिळतील असे करारात लिहून घ्या. पुष्कळदा नुसता दुवा मिळतो आणि वर्गणी संपली की तोही मरतो.

प्रत्येक दृश्याच्या कोपऱ्यात ते कधी टिपले तो महिना आणि वर्ष लिहा. रॅक सरकतात, विभाग मजले बदलतात. वर्षातून एकदा, उन्हाळी सुट्टीत, एका कर्मचाऱ्याने फेरी हातात धरून ग्रंथालय चालून जावे आणि बदललेले बिंदू तेवढे पुन्हा टिपावेत. हे काम कुणाचे, ते नावानिशी ठरवून द्या.

खर्चाचा अंदाज असा. चाळीस चष्मे प्रत्येकी दोनशेप्रमाणे आठ हजार, एकदांडी स्टँड आणि बैठक दोन हजार, पट्ट्या व पुसायची कापडे पाचशे. कॅमेऱ्याचे एका दिवसाचे भाडे धरले तरी साधारण पंधरा हजारांच्या आत हे बसावे. पाट्यांचा खर्च वेगळा. चोवीस बिंदूंची चित्रे, हलकी चित्रे आणि आवाज मिळून साठेक एमबी होतात. त्यासाठी नवा सर्व्हर लागत नाही.

फेरी जाहीर करण्याआधी एक चाचणी घ्या. ग्रंथालयात कधीच न आलेले दहा विद्यार्थी घ्या. पाच जणांना आदल्या दिवशी फेरी दाखवा, पाच जणांना नको. दहाही जणांना एकाच पुस्तकाचे नाव द्या आणि कुणालाही न विचारता ते काढून आणायला सांगा. वेळ मोजा, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे कोण कुठे थांबले ते नकाशावर खुणा करत जा. जिथे तीन-चार खुणा एकत्र आल्या तिथे एक बिंदू कमी आहे किंवा एक पाटी चुकीची आहे. फेरी बघितलेले विद्यार्थीही तिथे अडखळत असतील तर आधी पाटी बदला, मग चित्र.

पुढच्या बैठकीत आपण एवढेच मंजूर करावे: ग्रंथालय बंद असलेला एक पूर्ण दिवस, त्या दिवशी पंखे-दिवे हवे तसे चालूबंद करण्याची मुभा, देवघेव आणि संदर्भ विभागातला एकेक कर्मचारी, संगणकशास्त्र विभागाचे दोन विद्यार्थी आणि विद्यापीठाच्या संकेतस्थळावर थोडी जागा. छायाचित्रणाचा दिवस नव्या प्रवेशांच्या आधीचा धरलात, तर जूनमध्ये येणारी पहिली तुकडी घरून निघण्यापूर्वीच ग्रंथालयाचा जिना ओळखत असेल.

आपले,
ग्रंथालये आणि संगणक या दोन्ही क्षेत्रांत काम करणारे काही स्नेही